एक होडी की सांगड?

आज इतिहासाबद्दल बोलायचं आहे, पण राजेरजवाड्यांच्या नाही. आजचा इतिहास शिडाच्या होड्यांचा आहे.

आपल्यातल्या काहींच्या दारातच समुद्र आहे. काहींनी तो एखाद्या सहलीत पाहिला असेल, काहींनी पाहिलाही नसेल. काही बिघडत नाही. बैलगाडी, सायकल आणि डोक्यावरचा भरलेला हंडा ज्यांना ठाऊक आहे, त्या सगळ्यांना आजचा विषय समजेल.

शिडाच्या होड्या मुख्यतः दोन घडणीच्या असतात. पहिली आपल्या नेहमीच्या ओळखीची, एकाच अंगाची. तिला आपण एकेरी होडी म्हणू. दुसरी म्हणजे दोन लांबट, अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून वरून आडव्या दांड्यांनी बांधलेली. तिला आपण जोडहोडी म्हणू. इंग्रजीत आणि आता सगळ्या जगात तिला कॅटामरान म्हणतात. यातली वेगानं कोण जाते आणि सुखानं कोण नेते, हा वाद युरोपात साडेतीनशे वर्षांपूर्वी सुरू झाला आणि दर्यावर्दी लोकांत अजून चालू आहे. या वादात पैजा लागल्या, बंदी आली, माणसं गेली, आणि बायांनी जगाला फेऱ्याही मारल्या. म्हणून तो ऐकण्यासारखा आहे.

नाव कुठून आलं?

आधी नावाची गंमत ऐका. कॅटामरान हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तो आहे तमिळ. ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड, झाड. कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडं. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे कोळी तीन-चार ओंडके तासून, दोरीनं एकत्र आवळून त्यावर बसून मासेमारीला जात. ती होडी नव्हतीच, तराफा होता. पाणी वरून यायचं आणि फटींतून खाली जायचं. बुडायला आत पोकळी नाही, त्यामुळे ती भरून बुडायची भीती नाही. किनाऱ्यावर आलं की दोर सोडायचा आणि ओंडके वाळत घालायचे.

विल्यम डँपियर नावाच्या इंग्रज खलाशानं १६९७ साली आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं. त्यात त्यानं या तराफ्यांबद्दल लिहिलं आणि तो शब्द इंग्रजीत गेला. पुढे १९ व्या शतकात दोन अंगांच्या होड्यांना हेच नाव चिकटलं. म्हणजे नाव आपल्याकडच्या गरीब कोळ्यांच्या तराफ्याचं आणि आज ते मिरवतात श्रीमंतांच्या सहलीच्या होड्या.

पण त्या मद्रासच्या किनाऱ्यावरच वेग आणि सुख यांची वाटणी किती छान झाली होती ते पाहा. तेव्हा मद्रासला धक्का नव्हता. मोठी जहाजं दूर उभी राहत, आणि मध्ये फुटणाऱ्या लाटांचे पट्टे. जहाजावर तातडीची चिठ्ठी पाठवायची तर कट्टुमरमवाला जाई. चिठ्ठी भिजू नये म्हणून तो ती डोक्यावरच्या टोपीत ठेवी. स्वतः नखशिखांत भिजे, लाटेत पडला तर पोहत परत तराफ्यावर चढे, पण चिठ्ठी पोचवी. गोऱ्या साहेबांना, मडमांना आणि मालाला मात्र दुसरी होडी लागे. तिला मसुला म्हणत. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्यानं शिवलेल्या, उंच कडेची, एकाच अंगाची. लाट आपटली की ती लवायची, पण फुटायची नाही. निरोपाला एक वाहन, माणसांना दुसरं. कुठलं चांगलं, असं तिथं कुणी विचारत नव्हतं. काय न्यायचं आहे, असं विचारत होते.

आणि मराठीत? जोडहोडीला आपल्याकडे जुना शब्द आहे: सांगड. दोन होड्या किंवा दोन लाकडं जोडून, नाहीतर सुकलेले भोपळे बांधून नदी ओलांडायची, त्याला सांगड म्हणत. ‘खर्चाची आणि कमाईची सांगड घालणं’ असं आपण गटाच्या बैठकीत सहज बोलतो, तो शब्द पाण्यातून आलेला आहे. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक पुस्तकात आपल्या सोपारा आणि कल्याण बंदरांची नावं आहेत. त्याच पुस्तकात पूर्व किनाऱ्यावरच्या, मोठी लाकडं जोडून केलेल्या ‘संगर’ नावाच्या नावांचा उल्लेख आहे. काही अभ्यासक या शब्दाचं नातं सांगडीशी जोडतात.

कोकणात आणि गोव्यात आणखी एक मधली वाट निघाली. अरुंद होडीच्या एका बाजूला दोन दांड्या बाहेर काढून त्यांच्या टोकाला एक लाकूड पाण्यावर तरंगतं ठेवायचं. त्याला उलांडी म्हणतात. एक पूर्ण होडी आणि दुसरी नुसती आधाराला. म्हणजे दीड अंगाची होडी म्हणा ना!

होडी उलटत का नाही?

आता दोन घडणींतला मुख्य फरक समजून घेऊ. शिडात वारा भरला की तो होडीला पुढे ढकलतो, तसाच आडवंही लोटतो. या लोटण्याला टक्कर द्यायला माणसानं दोन युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती डोलणाऱ्या बाहुलीची. जत्रेत मिळते ती बाहुली, बुडाशी जड आणि वर हलकी. कितीही पाडा, उठून बसते. समुद्रातल्या एकेरी होडीला खाली खोल कणा असतो आणि त्यात शिसं किंवा लोखंड भरलेलं असतं. पुष्कळ होड्यांत एकूण वजनाचा तिसरा हिस्सा तरी हे नुसतं वजनच असतं. होडी वाऱ्यानं कलते, पण जितकी कलेल तितकं खालचं वजन तिला परत ओढतं.

दुसरी युक्ती एसटीत उभं राहण्याची. वळणावर तोल जाऊ नये म्हणून आपण दोन पाय फाकवून उभ्या राहतो. जोडहोडी तेच करते. तिच्या दोन अंगांत भरपूर अंतर असतं. तिला शिसं लागत नाही, लोखंड लागत नाही. ती हलकी राहते आणि जवळजवळ सपाट चालते.

हे घरी करून बघा, मुलांनाही दाखवा. एका प्लास्टिकच्या बाटलीत थोडे खडे घालून ती टपात उभी तरंगत ठेवा. बोटानं पाडा, ती पुन्हा उठेल. मग दोन रिकाम्या बाटल्या आडव्या, वीतभर अंतरावर, दोन काड्यांनी बांधून ठेवा. बोटानं दाबली तरी ती लवकर कलणार नाही. पण जोर लावून पुरती उलटी केलीत तर? तशीच उलटी तरंगत राहील. परत सरळ होणार नाही. सगळा वाद या दोन बाटल्यांत आहे. एक सारखी कलते, पण उठते. दुसरी सहसा कलत नाही, पण उलटली की स्वतःहून उठत नाही.

वेगाचा हिशोब

पाणी कापत जाणारी होडी आपल्या पुढे एक लाट उभी करते आणि मागे एक. वेग वाढला की ही लाट लांबत जाते, आणि एका वेगाला होडी आपणच केलेल्या दोन लाटांच्या खळग्यात अडकते. पुढे जायचं तर स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. म्हणून जड एकेरी होडीला तिच्या लांबीप्रमाणे एक मर्यादा येते. समुद्रातला वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर. पाण्याला टेकलेली लांबी २५ फूट असेल तर ही मर्यादा पावणेसात नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर. लांबी चौपट करून १०० फूट केली तर मर्यादा फक्त दुप्पट होते.

जोडहोडीची दोन्ही अंगं सुरीसारखी अरुंद असतात. ती फार मोठी लाट उठवतच नाहीत. त्यात शिशाचं ओझं नाही. त्यामुळे तोच वारा तिला पुष्कळ पुढे नेतो. पण यात एक अट आहे. तिच्यावर सामान लादलं, पाण्याच्या टाक्या, धान्य, यंत्रं भरली, की ती पाण्यात खोल बसते आणि वेगाचा फायदा निघून जातो. एकेरी होडी मुळातच जड, तिला चार पोती जास्त झाली तरी फारसं जाणवत नाही. शिवाय वाऱ्याच्या दिशेकडे, नागमोडी वळणं घेत वर चढायचं असेल तेव्हा खोल कण्याची एकेरी होडी बहुधा बरी पडते. जोडहोडी वळताना मध्येच अडते.

ज्यांना हे आधीच माहीत होतं

युरोपातल्या विद्वानांनी जोडहोडी शोधली असं लिहिलं जातं, ते खरं नाही. प्रशांत महासागरात हवाई, ताहिती, न्यूझीलंड अशी बेटं हजारो किलोमीटर अंतरानं विखुरली आहेत. ती वसवली पॉलिनेशियन लोकांनी, आणि वसवली जोडहोड्यांतून. लोखंड नव्हतं, खिळा नव्हता. नारळाच्या काथ्याची दोरी वळून त्यांनी दोन होड्या बांधल्या, मध्ये फळ्यांचा मंच केला. त्या मंचावर बाया होत्या, मुलं होती, डुकरं, कोंबड्या, आणि पुढच्या बेटावर लावायचे कंद आणि रोपं होती. त्यात अळू होता, आपण वडी करतो तोच. केळी होती, ऊस होता, नारळ होता. अख्खा संसार न्यायचा तर पसरट आणि सपाट जागा हवी. एकेरी अरुंद होडीत ते जमलं नसतं.

या लोकांना दिशा ठाऊकच नव्हत्या, ते वाऱ्यानं भरकटत बेटांवर पोचले, असं पुढे काही गोरे अभ्यासक म्हणू लागले. ते खोटं ठरवायला हवाईच्या लोकांनी जुन्या घडणीची ‘होकुलेआ’ नावाची जोडहोडी बांधली. १९७६ साली ती हवाईहून ताहितीला, सुमारे चार हजार किलोमीटर, महिन्याभरात गेली. दिशा दाखवायला माऊ पियाइलुग नावाचे मायक्रोनेशियातले जाणकार होते. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारे, लाटा आणि पक्षी बघत त्यांनी बेट गाठलं.

पैज, बंदी आणि वादळ

युरोपात पहिला नावाजलेला प्रयत्न विल्यम पेटी या विद्वानाचा. १६६२ साली त्यानं आयर्लंडमधल्या डब्लिनला जोडहोडी बांधली. शर्यतीत ती एकेरी होड्यांच्या पुढे गेली. मग त्यानं मोठी होडी बांधली, तिचं नाव ‘एक्स्पेरिमेंट’, म्हणजे प्रयोग. ती १६६४ च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्यासमोर पाण्यात उतरवली. मुंबई बेट ज्याला लग्नात हुंडा म्हणून मिळालं, तोच हा राजा. पुढच्याच वर्षी बिस्केच्या उपसागरात वादळात ती होडी माणसांसकट गेली. वेग सिद्ध झाला होता, पण वादळानं जोड उखडली तर काय, या प्रश्नाला तेव्हा उत्तर नव्हतं.

त्यानंतर दोनशे वर्षांनी, १८७६ साली, अमेरिकेत नॅथानिएल हेरशॉफ या होडी बांधणाऱ्यानं ‘अ‍ॅमरिलिस’ नावाची जोडहोडी न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली. तिनं बाकीच्यांना मागे टाकलं. हरलेल्यांनी तक्रार केली आणि जोडहोड्यांना अशा शर्यतींतून बाहेर काढलं. हरवता आलं नाही की नियमच बदलायचा, ही रीत आपण बायांनी पुष्कळ पाहिली आहे. हेरशॉफ पुढे एकेरी शर्यतहोड्या बांधूनच प्रसिद्ध झाला.

मुंबईत बांधलेली होडी

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला, ती सांगते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज तरुण मुंबईत बोटीवर नोकरीला होता. त्यानं मुंबईतच इथल्या सुतारांकडून सागवानी लाकडाची ३२ फुटांची एकेरी होडी बांधून घेतली. तिचं नाव ‘सुहैली’. सुतारांनी ती जुन्या पद्धतीनं, तासणीनं तासत, हातानं भोकं पाडत घडवली. दिसायला जाडजूड, चालायला संथ.

१९६८ साली एकट्यानं, कुठेही न थांबता जगाला फेरी मारायची शर्यत लागली. नऊजण निघाले. त्यांत तीन अंगांच्या वेगवान होड्याही होत्या. त्यांतली ‘व्हिक्ट्रेस’ नावाची होडी नायजेल टेटली चालवत होता. दक्षिणेच्या वादळी समुद्रात मोठ्या लाटेनं सुहैली आडवी झोपली. आतली खोली खिळखिळी झाली, पिण्याचं पाणी खराब झालं. पण बाहुली होती ती, उठून बसली. १९६९ च्या एप्रिलमध्ये, ३१२ दिवसांनी ती इंग्लंडला पोचली. सरासरी वेग सुमारे ४ नॉट, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. भराभर चालणाऱ्या माणसाइतकाच. तिकडे व्हिक्ट्रेस जवळजवळ सगळी फेरी पुरी करून आली होती, आणि घर हजारेक मैलांवर असताना तिची अंगं सुटून ती बुडाली. टेटली वाचला. नऊ जणांत शर्यत पुरी केली ती एकट्या सुहैलीनं. ज्या समुद्रात फक्त टिकायचं होतं, तिथे मुंबईच्या सुतारांचं काम टिकलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. हाच नॉक्स-जॉन्स्टन १९९४ साली पुन्हा जगाच्या फेरीला निघाला. या वेळी होता जोडहोडीवर, ९२ फूट लांबीच्या ‘एन्झा’वर. सोबत न्यूझीलंडचा पीटर ब्लेक आणि इतर खलाशी. त्यांनी फेरी पुरी केली ७४ दिवस आणि २२ तासांत. कुठे ३१२ आणि कुठे ७४! अर्थात हा फरक नुसत्या दोन अंगांचा नाही. होडी जवळजवळ तिप्पट लांब, सामान नव्या जमान्याचं, हात अनेक. तरीही सरासरी १४ नॉटच्या वर वेग हा हलक्या जोडहोडीचा गुण होता.

आणि त्या वेगाची किंमत बघा. शेवटी घराजवळ आल्यावर वादळानं गाठलं. होडी इतकी सुसाट सुटली की तिची नाळ समोरच्या लाटेत घुसून ती डोक्यावरून उलटेल अशी भीती झाली. तेव्हा त्यांनी जाड दोर आणि साखळदंड मागे पाण्यात सोडले, होडीचा वेग कमी करायला. जगातल्या सर्वांत वेगवान होड्यांपैकी एक, आणि तिच्यावरची माणसं तिला लगाम घालायला धडपडत होती.

ट्रेसीच्या दोन होड्या

याच एन्झावर पुढे एक बाई चढली. तिचं नाव ट्रेसी एडवर्ड्स. तिचा आधीचा पराक्रम एकेरी होडीवरचा. १९८९ साली जगाला फेरी मारण्याची मोठी शर्यत होती, अनेक टप्प्यांची. बायकांना कुणी खलाशी म्हणून घ्यायला तयार नव्हतं. ट्रेसीनं घर गहाण ठेवलं, ५८ फुटांची एक जुनी होडी विकत घेतली, आणि बायांनीच ती खरवडून, दुरुस्त करून, रंगवून उभी केली. तिचं नाव ठेवलं ‘मेडन’. वर्तमानपत्रांत टिंगल झाली. त्या पहिल्या टप्प्यातूनच परत येतील असं म्हणणारे होते. मेडननं आपल्या वर्गातले दोन टप्पे जिंकले आणि शेवटी वर्गात दुसरी आली. एवढ्या मोठ्या शर्यतीत सगळ्या बाया असलेली ही पहिलीच होडी.

१९९८ साली ट्रेसीनं एन्झाला नवं नाव देऊन, पुन्हा सगळ्या बाया घेऊन, सर्वांत कमी दिवसांत जगाची फेरी मारायचा प्रयत्न केला. दीड महिना सगळं वेगात चाललं होतं. मग दक्षिणेच्या समुद्रात त्यांची डोलकाठी मोडून पडली. विक्रम हुकला. मोडक्यातोडक्या शिडावर त्यांनी चिलीचा किनारा गाठला. एकाच बाईनं दोन्ही होड्या चालवल्या. एकीनं तिला सावकाश पण घरी आणलं, दुसरीनं विक्रमाच्या वाटेवर नेलं आणि मध्ये सोडलं. तिच्या धैर्यात दोन्ही वेळा फरक नव्हता.

सुख म्हणजे काय?

आता सुखाचं बोलू. एकेरी होडी वाऱ्यात एका बाजूला कलून चालते, आणि कलूनच कित्येक दिवस राहते. जरा विचार करा, स्वयंपाकघर एका बाजूला २० अंशांनी तिरकं झालं तर? म्हणून त्या होडीतली शेगडी दोन बाजूंच्या खुंट्यांवर झुलती टांगतात. होडी कलली तरी पातेलं सपाट राहतं. झोपताना पडू नये म्हणून बिछान्याला कापडाची आडोशी बांधतात. नांगर टाकून उभी असताना लाट आली की ती झुल्यासारखी डोलत राहते, पोटात ढवळतं.

जोडहोडीत हे त्रास कमी. वाटी ओट्यावर ठेवली तर बहुधा तिथेच राहते. जागा मोठी, उजेड भरपूर. लहान मुलं, म्हातारी माणसं, पाहुणे यांना ती सोपी. म्हणूनच आज पर्यटनाला तीच जास्त दिसते. पण खवळलेल्या समुद्रात तिचंही दुखणं आहे. दोन अंगांच्या मधल्या मंचाखाली लाटा धाडधाड आपटतात, हादरे बसतात. एकेरी होडी लाटेवर सावकाश वर-खाली होते, जोडहोडी झटके देते. कुणाला झुलणं सोसत नाही, कुणाला झटके.

आणि एक सुख असं आहे, जे शांत पाण्यात कळत नाही. होकुलेआचं मी सांगितलं. तीच होडी १९७८ साली पुन्हा ताहितीला निघाली असताना पहिल्याच रात्री वादळात उलटली. जोडहोडी, ती सरळ झाली नाही. माणसं रात्रभर उलट्या होडीला धरून राहिली. एडी आयकाऊ नावाचा, किनाऱ्यावर बुडणाऱ्यांचे जीव वाचवणारा तरुण, मदत आणायला आपल्या लाटाफळीवर बसून निघाला. बाकीच्यांना वाचवण्यात आलं. एडी सापडला नाही. उलटलेली जोडहोडीसुद्धा तरंगत राहते, म्हणून त्यांना धरायला काहीतरी उरलं, हेही तितकंच खरं. एकेरी होडी उठून बसते, पण तिच्यात पाणी भरलं तर शिशाचं वजन तिला तळाशी नेतं. पूर्ण निर्धास्त कुठलीच नाही.

आपल्या बायांची होडी

आपल्याकडचं सांगते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, सुमारे ५६ फुटांची ‘तारिणी’ ही नौदलाची शिडाची होडी. एकेरी, खोल कण्याची. १० सप्टेंबर २०१७ ला वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि जगाला फेरी मारून २१ मे २०१८ ला गोव्याला परत आल्या. २५४ दिवस. तारिणीच्या आधी गोव्यातच बांधलेल्या ‘म्हादेई’ या तशाच होडीवरून दिलीप दोंदे यांनी मुंबईहून निघून २०१० साली एकट्यानं जगाची फेरी पुरी केली होती. असं करणारे ते पहिले भारतीय. आणि २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तारिणी घेऊन निघाल्या, आणि मे २०२५ मध्ये परत आल्या.

७४ दिवसांच्या विक्रमापुढे २५४ दिवस म्हणजे काय, असं कुणी म्हणेल. पण दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नपाशी, जिथे मदत यायला कित्येक दिवस लागतात, तिथे आडवी पडली तर उठून बसणारी होडी पायाखाली असणं हेच मोठं सुख आहे.

तर कुठली चांगली?

हलकं सामान, लवकर पोचायचं, वारा मागून किंवा बाजूनं, हात तरबेज आणि नजर सतत शिडावर असेल तर जोडहोडी. किनाऱ्याकिनाऱ्यानं, मुलंबाळं आणि पाहुणे घेऊन जायचं, तरीही जोडहोडी. लांबचा पल्ला, भरपूर शिधा, माणसं कमी आणि समुद्र दांडगा असेल तर एकेरी.

मैत्रिणींनो, गटात कर्जाचा विषय निघतो तेव्हा आपण पहिला प्रश्न विचारतो तो वेगाचा. किती लवकर पैसे येतील? या होड्यांच्या इतिहासातून मला दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. उलटलं तर उठता येईल का? कुणाची कमाई जोडहोडीसारखी असते, हलकी आणि झपाट्याची. कुणाला खाली थोडं शिसं हवं असतं, म्हणजे हाताशी शिल्लक, चार पोती धान्य, दावणीची एक शेळी. ते वजन आपल्याला हळू करतं, पण वादळात तेच परत उभं करतं.

या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी बोलून बघा. आपल्या व्यवसायात आपण काय वाहून नेतो, हलकं की जड? आपलं पाणी शांत आहे की दांडगं? आणि उलटलं तर धरायला काय उरेल, आणि कोण येईल? उत्तरं वहीत लिहून ठेवा. टपातल्या दोन बाटल्यांचा प्रयोगही नक्की करा, आणि मुलांनी काय प्रश्न विचारले ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी आपण होडीच्या शिडांबद्दल बोलू.